ग्लेशियर बेमध्ये कयाकने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

अलास्काच्या आग्नेय पट्ट्यात ग्लेशियर बे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे सुमारे १०० किलोमीटर लांबीची एक खाडी आत शिरते आणि तिच्या टोकाशी हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. खाडीत पायवाटा जवळजवळ नाहीत. आतलं जग बघायचं तर बोटीने जायचं, आणि मुक्काम करून सावकाश बघायचं तर कयाकने. सिएटल, सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली मराठी मंडळी आणि पुण्या-मुंबईचे ट्रेकर मित्र मला नेहमी विचारतात, "आम्हाला जमेल का?" सह्याद्रीत स्वतःचं सामान वाहून मुक्कामी ट्रेक केलेला असेल, ओल्या तंबूत झोपायची तयारी असेल आणि थोडा सराव करायला वेळ असेल, तर जमेल. दंडाच्या ताकदीपेक्षा तिथे आखणी जास्त उपयोगी पडते. सगळी आखणी भरती-ओहोटीभोवती फिरते, म्हणून त्या पायरीवर मी सगळ्यात जास्त लिहिलं आहे. बाकीचं घाईत वाचलंत तरी ती पायरी सावकाश वाचा.

१. आधी जागा समजून घ्या

१७५० च्या सुमारास ही खाडी नव्हतीच, सगळा बर्फ होता. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा बर्फाच्या भिंतीत जेमतेम आठ किलोमीटरची खाच पडली होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोचला, तोवर बर्फ कितीतरी मागे सरकला होता. आज तो १०० किलोमीटरच्या आसपास मागे आहे.

हा इतिहास मुक्कामाची जागा शोधताना कामाला येतो. खाडीच्या तोंडाशी जमीन मोकळी होऊन दोन-अडीचशे वर्षं झाली आहेत, म्हणून तिथे शेवाळाने मढलेलं दाट स्प्रूसचं जंगल आहे आणि तंबूला मऊ जमीन मिळते. आत जाल तसं जंगल संपतं आणि आल्डरची झुडपं लागतात. टोकाशी नुसते गोटे, वाळू आणि खडक. तिथे वारा अडवायला काही नसतं आणि तंबूच्या खुंट्या रुतत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. ही हूना त्लिंगिट लोकांची मूळ भूमी. बर्फ पुढे सरकत आला तेव्हा त्यांना गावं सोडावी लागली. त्यांचे वंशज आज मुख्यतः समोरच्या बेटावरच्या हूना गावात राहतात. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्ह या उद्यानाच्या मुख्य ठाण्याशी, किनाऱ्यावर त्यांचं कुलगृह पुन्हा उभं राहिलं. निघण्याआधी तिथे तासभर जरूर घालवा. खाडीत शिरताना आपण कोणाच्या अंगणात शिरतो आहोत हे तिथे कळतं.

२. महिना ठरवा

हंगाम मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्याआधी आणि त्यानंतर तुम्हाला कयाकसह खाडीत आत नेऊन सोडणारी बोट नसते.

मे आणि जून त्यातल्या त्यात कोरडे. जूनमध्ये सुमारे १८ तास उजेड असतो, त्यामुळे भरतीची वेळ कुठलीही असली तरी जुळवून घेता येते. नवख्यांना मी जूनच सुचवतो. जुलै-ऑगस्टमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर दिसतात, पण पाऊस वाढत जातो. सप्टेंबर सगळ्यात ओला. हा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. बारीक, थंड आणि दिवसदिवस चालणारा असतो. उन्हाळ्यातही दुपारचं तापमान १० ते १५ अंशांच्या घरात राहतं.

जूनची एक अडचण आहे. जॉन्स हॉपकिन्स इनलेट या खाडीच्या शाखेत सील माद्या हिमनगांवर पिलांना जन्म देतात, म्हणून मे आणि जूनमध्ये ती शाखा सर्वांना बंद असते. कयाकही त्यात आले. ती शाखा बघायचीच असेल तर जुलैपासून पुढे जा.

३. कागदपत्रं आणि बुकिंग

भारतातून जाणाऱ्यांनी अमेरिकेच्या पर्यटक व्हिसापासून सुरुवात करावी. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे जाणारा रस्ता नाही. विमान किंवा जहाज एवढेच पर्याय. सिएटलहून थेट विमानाने सुमारे अडीच तास लागतात. जुनोहून पुढे गस्टेव्हस नावाचं छोटं गाव. उन्हाळ्यात तिथे जेट विमान जातं, आणि ते उडाल्यावर काही मिनिटांतच उतरायला लागतं. छोटी विमानंही असतात, आणि ठरावीक दिवशी सरकारी फेरीबोट. गस्टेव्हसच्या विमानतळापासून उद्यानाचं मुख्य ठाणं, म्हणजे बार्टलेट कोव्ह, सोळा किलोमीटरवर आहे.

इथे एक सापळा आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून व्हँकूव्हरमार्गे जाणारे बरेच असतात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. एच-१बीवर असणाऱ्यांनी तर देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी पासपोर्टवरचा शिक्का चालू आहे का ते बघावं. सरळ सिएटलमार्गे जा.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- पासपोर्ट आणि व्हिसा. अमेरिकेत नोकरीला असाल तर त्यासंबंधीचे मूळ कागद
- आपत्कालीन हवाई वाहतुकीचा खर्च धरणारा प्रवास विमा, आणि त्याचा नंबर कागदावर लिहिलेला
- कयाक भाड्याची आणि सोडणाऱ्या-घेणाऱ्या बोटीची पावती
- तुमचा दिवसवार मार्ग. याची एक प्रत घरच्यांकडे
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी

उद्यानाला प्रवेशशुल्क नाही आणि मुक्कामाचा परवानाही मोफत मिळतो. पैसा जातो तो विमानात, कयाकच्या भाड्यात आणि बोटीत. बुक करताना क्रम असा ठेवा: आधी बोटीची तारीख, मग कयाक, मग विमान. उलट केलंत तर विमान ठरलेलं आणि बोट भरलेली, अशी गत होते. बार्टलेट कोव्हला उद्यानाची मोफत तंबूची जागा आहे, त्यामुळे आदल्या आणि परतीच्या रात्री खोली नाही मिळाली तरी अडत नाही.

४. घरी असतानाच सराव

पवना किंवा मुळशीच्या पाण्यात कयाक चालवली असेल तर वल्हं मारायची सवय झालेली असते. तेवढ्यावर जाऊ नका. तीन गोष्टी शिकवणाऱ्या माणसासोबत आधी करून बघा: उलटलेल्या कयाकमधून स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती आणि बैठकीवर ताणलेलं कापड) ओढून बाहेर पडणं, दुसऱ्या कयाकच्या आधाराने पुन्हा आत चढणं, आणि वाऱ्यात कयाकचं तोंड सरळ ठेवणं. तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत, सगळे कपडे आणि लाइफ जॅकेट घालून हे करा.

याचं कारण तिथल्या पाण्याचा गारठा. हिमनद्यांजवळ पाणी गोठणबिंदूच्या थोडंच वर असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला त्यानंतर तासभर लागतो, पण हात चालत नसतील तर त्या तासाचा उपयोग नाही. लाइफ जॅकेट चढवायचं ते किनाऱ्यावर, आणि काढायचं तेही किनाऱ्यावरच.

पोहता येत नसेल किंवा समुद्रात कधीच कयाक चालवली नसेल, तर पहिली सहल गाइडसोबत करा. त्यात कमीपणा काहीच नाही. एकट्याने तर जाऊच नका.

५. सामान

भाड्याच्या कयाकबरोबर सहसा वल्हं, स्प्रे स्कर्ट, लाइफ जॅकेट आणि पाणी उपसायचा पंप मिळतो, पण आधी विचारून घ्या. बाकीचं आपलं:

- रबरी, पाणी अजिबात न शिरणारा रेनकोट आणि पँट. डोंगरात वापरायची हलकी जॅकेटं दिवसभराच्या पावसात ओली होतात
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट. गस्टेव्हसमधला प्रत्येक माणूस तेच घालून हिंडतो
- लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही
- झोपायचे कपडे वेगळे, स्वतंत्र ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), आणि ते दिवसा घालायचे नाहीत
- लहान लहान ड्राय बॅगा. मोठी एकच बॅग कयाकमधल्या सामानाच्या झाकणातून आत जात नाही
- खाडीचा नकाशा आणि भरती-ओहोटीचा तक्ता, दोन्ही पाण्यापासून झाकलेले
- हातातला मरीन व्हीएचएफ रेडिओ (बोटींशी बोलायचा) आणि उपग्रहावर चालणारा मेसेंजर. आत मोबाइलला रेंज नसते
- डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी
- स्टोव्ह, वल्हवताना घालायचे हातमोजे, जाड दोरी

स्टोव्हचं इंधन आणि अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा या दोन्ही वस्तू प्रवासी विमानात चालत नाहीत, चेक-इन सामानातही नाहीत. त्या पोचल्यावर घ्यायच्या. कयाक भाड्याने देणाऱ्यांना आधी कळवून ठेवलं तर कुठे मिळतील ते सांगतात.

६. जुनोत एक दिवस तलावावर

पुढे जायची घाई असली तरी हा दिवस ठेवा. शहराजवळ मेंडेनहॉल तलाव आहे. हिमनदी मागे हटत गेली तशी तिच्या पुढ्यात पाणी साचून तो तयार झाला. गाइडसोबत तासा-दोन तासांची कयाक फेरी इथे मिळते. भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत, पण पाणी तेच थंड आणि हिमनग खरे. रेनकोट गळतो का, हातमोज्यात बोटं आखडतात का, हे इथे कळलेलं बरं. जुनोत दुकानं आहेत, पुढे फारसं काही मिळत नाही.

या तलावाबद्दल एक सावधगिरी. वर डोंगरात बर्फाने अडवलेलं एक खोरं आहे. २०११ पासून उन्हाळ्यात त्यातलं पाणी अचानक सुटतं आणि तलाव व खालची नदी फुगते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तर नदीकाठची घरं वाहून गेली. पुराची सूचना असेल तर तलावाकडे फिरकू नका.

७. बार्टलेट कोव्हला: ओरिएंटेशन, परवाना, डबे

मुक्कामी जाणाऱ्या प्रत्येकाला उद्यानाच्या माहिती केंद्रात ओरिएंटेशनला बसावंच लागतं. त्याशिवाय परवाना नाही. सोडणारी बोट सकाळी लवकर निघते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरका. गस्टेव्हसला संध्याकाळी पोचून दुसऱ्या सकाळी बोट धरू, असा बेत आखू नका.

रेंजर तुमचा मार्ग विचारतात. अस्वलांच्या वावरामुळे कुठले किनारे बंद आहेत आणि कुठे पाखरांची घरटी आहेत, ते सांगतात. हे दर आठवड्याला बदलतं, त्यामुळे कोणाच्या जुन्या अनुभवावर, माझ्याही, विसंबू नका. नकाशा पुढ्यात ठेवून एकच प्रश्न विचारा: "आम्ही नवखे आहोत, या वाऱ्यात तुम्ही कुठे गेला असता?" उत्तर फार मोलाचं असतं.

अन्न ठेवायचे अस्वलरोधक डबे इथेच मिळतात, उसने आणि मोफत.

८. मार्ग निवडा

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: बियर्डस्ली बेटं. बार्टलेट कोव्हच्या धक्क्यावरूनच निघायचं, सोडणाऱ्या बोटीचा खर्च नाही. बेटांमधलं पाणी आडोशाला आहे, आणि मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथे मोटरबोटींना बंदी असते. सील, समुद्री पाणमांजरं, बाल्ड ईगल, काळी अस्वलं, सगळं आहे. हिमनदी तेवढी नाही. दोन-तीन मुक्कामांत हात बसतो.

बेटांकडे जायची वाट मात्र एका उथळ चिंचोळ्या पट्ट्यातून आहे. तिथले लोक त्याला नुसतं 'कट' म्हणतात. ओहोटीला तो कोरडा पडतो. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे या भागातली जमीन वर्षाला सुमारे तीन सेंटीमीटर वर येते आहे, त्यामुळे जुन्या नकाशावर पाणी दाखवलेल्या जागी आज चिखल असू शकतो. भरतीच्या आगेमागेच तो पार करा.

हिमनद्याच बघायच्या असतील तर बोटीने वरच्या टप्प्यावर उतरून पश्चिम शाखेत जायचं. रीड, लँप्लू, मार्जरी या हिमनद्या त्या बाजूला आहेत. मार्जरीची भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे. इथे दिवसाला दोन क्रूझ जहाजंही येतात. जहाज दिसेनासं झाल्यावर त्याची लाट किनाऱ्याला लागते, म्हणून कयाक पाण्याच्या कडेला तशीच सोडू नका. पूर्व शाखा, म्हणजे म्यूर इनलेट, जास्त निवांत. तिथली म्यूर हिमनदी मात्र आता समुद्रापर्यंत पोचत नाही.

दिवसाला १२ ते १५ किलोमीटरच धरा. सकाळी लवकर निघा, दुपारी वारा उठतो. पाच दिवसांची सहल असेल तर एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, वादळी हवेत बसून राहण्यासाठी. बार्टलेट कोव्हच्या वरच्या अंगाला असलेल्या सिटाकडे नॅरोजमध्ये प्रवाह फार जोरात असतो. पहिल्या सहलीत तिथून वल्हवत जाऊ नका, बोटीने ओलांडा.

९. भरती-ओहोटी: दिवसाचं वेळापत्रक तीच ठरवते

मुंबईत पावसाळ्यात पावणेपाच-पाच मीटरची भरती असली की बातमी होते. ग्लेशियर बेमध्ये भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक साडेसात मीटरपर्यंत जातो. म्हणजे जवळपास अडीच मजले पाणी, दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. साधारण सहा तासांच्या भरतीचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक सहा मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी अर्धाच मीटर वाढतं, आणि तिसऱ्या तासात दीड मीटर. सपाट किनाऱ्यावर हे कसं दिसतं ते बघा. वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल, तर त्या तिसऱ्या तासात पाण्याची कड तीस मीटर आत येते, म्हणजे मिनिटाला अर्धा मीटर. तुम्ही चहाचं पाणी ठेवता तेव्हा कयाक कोरड्या गोट्यांवर असते. चहा होईपर्यंत तिचा मागचा भाग डुलायला लागतो, आणि कप धुवून येईपर्यंत ती निघालेली असते.

म्हणून पहिल्या दिवसापासून हे नियम पाळा.

उतरायचं आणि निघायचं ते शक्यतो भरतीच्या जवळपास. ओहोटीला उतरलात तर शेवाळलेल्या, कालवांनी भरलेल्या दगडांवरून शंभर-दोनशे मीटर सामान वाहावं लागतं. दोघांची कयाक रिकामीही चाळीस किलोच्या आसपास भरते. भरलेली कयाक कधीच उचलू नका. ती मोडते, नाहीतर पाठ मोडते. सामान आधी, कयाक नंतर. पाणी चढत असताना हे चालू असेल, तर एक माणूस सतत कयाकपाशी हवाच.

कयाक दर वेळी भरतीरेषेच्या वर न्यायची आणि झाडाला किंवा मोठ्या खडकाला बांधायची. जेवणापुरतं थांबलात तरीही. पायी परतायला वाट नाही, त्यामुळे कयाक गेली म्हणजे सहल संपली.

तंबूची जागा बघताना किनाऱ्यावर वाळलेल्या समुद्री शेवाळाची ओळ शोधा. मागची भरती तिथवर आली होती. एवढ्यावर समाधान मानू नका. दिवसाची आणि रात्रीची भरती सारख्या उंचीची नसते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तक्त्यात रात्रीचा आकडा बघा. तो दिवसाच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर तंबू त्या ओळीच्या बराच वर, गवताच्या किंवा झाडांच्या पट्ट्यात लावा. अंदाज येत नसेल तर आणखी वर.

तक्ता वाचताना दोन गोष्टी तपासा. उंची फुटांत दिलेली असते. आणि काही तक्ते उन्हाळ्यातली एक तास पुढे केलेली वेळ धरत नाहीत. ती धरली आहे का हे माहिती केंद्रात विचारून घ्या. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आजचा सोयीचा दिनक्रम चार दिवसांनी गैरसोयीचा होतो. सगळ्या दिवसांच्या वेळा आधीच एका कागदावर उतरवून प्रत्येक मुक्काम त्याप्रमाणे ठरवा.

ज्यांचं बालपण मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं आहे त्यांना हे सगळं लवकर उमगतं. उधाण आणि भांग (कमी चढ-उताराची भरती) यांचा हिशोब तोच आहे, फक्त आकडे मोठे.

१०. जेवण आणि अस्वलं

खाडीच्या खालच्या भागात मुख्यतः काळी अस्वलं, वरच्या भागात तपकिरी. दोन्ही किनाऱ्यावरून फिरतात, कारण त्यांचंही खाणं तिथेच आहे. माणसाचं अन्न एकदा तोंडाला लागलं की ते अस्वल पुढच्या तंबूंकडे जातं आणि शेवटी बऱ्याचदा अस्वलाचाच जीव जातो. म्हणून हे नियम कटकट समजू नका.

स्वयंपाक आणि जेवण भरतीरेषेच्या खाली, ओल्या गोट्यांवर करायचं. सांडलेलं, शिजलेलं, धुतलेलं सगळं पुढची भरती घेऊन जाते. स्वयंपाकाची जागा, डबे ठेवायची जागा आणि तंबू यांच्यात किमान शंभर मीटर अंतर ठेवा. डबे भरतीरेषेच्या वर, झुडपांत ठेवायचे, उतारावर नाही. रेनकोटला फोडणीचा वास लागला असेल तर तोही तंबूत न्यायचा नाही.

डब्यात काय जायला हवं, याची आपल्याकडची यादी थोडी वेगळी आहे. टूथपेस्ट आणि साबण सगळ्यांनाच आठवतात. बाम, खोबरेल तेल, सुपारी, हिंगाची डबी, ओव्याची पुडी, खिशात राहिलेली आवळ्याची गोळी, हे राहून जातं. झोपण्यापूर्वी प्रत्येकाचे खिसे रिकामे करून बघा.

डब्यात जागा फार कमी असते, म्हणून कमी जागेत जास्त पोट भरणारं घ्या. भाजणी उत्तम: दाबून भरता येते आणि उकडपेंडी पटकन होते. सत्तू, मेतकूट, दाण्याचा कूट, डिंकाचे लाडू, चिक्की, साजूक तूप. पोहे हलके असले तरी जागा खातात, जाड पोहे तर नकोच. कच्चे तांदूळ आणि डाळ इंधन फार घेतात. भारतातून नेत असाल तर मांसाचे पदार्थ, फळं आणि बिया नकोत, आणि जे नेत असाल ते विमानतळावर सांगून टाका. प्रत्येक दिवसाचं खाणं वेगळ्या पिशवीत भरा आणि दोन दिवसांचं जास्तीचं ठेवा. पदार्थांची दुकानातली वेष्टणं बार्टलेट कोव्हलाच काढून टाका.

डबा कयाकच्या झाकणातून आत जातो का हे भाड्याच्या कयाकवर आधी बघून घ्या. सगळ्या जात नाहीत.

उतरण्यापूर्वी पाण्यातूनच किनारा नीट न्याहाळा. ताजी विष्ठा, उकरलेली माती, पाऊलखुणा दिसल्या तर पुढे जा. झुडपांतून चालताना मोठ्याने बोला, एकत्र राहा. अस्वल समोर आलं तर पळू नका. एकमेकांना चिकटून उभे राहा, शांतपणे बोलत राहा, फवारा हातात घ्या. तुम्ही जेवत असताना ते किनाऱ्याने आलं तर अन्न डब्यात बंद करून ते घेऊन बाजूला व्हा. किनाऱ्यावर हक्काची वाट त्याची आहे.

पाण्याचं थोडक्यात: ओढ्याचं पाणी गाळून किंवा उकळून प्या. भरतीला खारं पाणी ओढ्यात शिरतं, म्हणून वरच्या अंगाने भरा. हिमनदीचं पाणी पिठासारख्या गाळाने दुधट असतं आणि फिल्टर लगेच तुंबतो. ते रात्रभर पातेल्यात निवळू द्या. शौचाला भरतीरेषेच्या खाली जायचं आणि वापरलेला कागद पिशवीतून परत आणायचा.

११. बर्फाजवळ

हिमनदीच्या तोंडापासून किमान अर्धा किलोमीटर दूर राहा, चिंचोळ्या शाखेत त्याहूनही जास्त. तुकडा पडताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. लाट त्यानंतर काही वेळाने पोचते. उघड्या पाण्यात कयाकचं तोंड तिच्याकडे केलं तर ती खालून निघून जाते. किनाऱ्यावर किंवा बर्फाच्या गर्दीत मात्र ती घातक ठरते. हिमनदीच्या समोरच्या किनाऱ्यावर कयाक आणि माणसं दोन्ही उंचावर हवीत.

तरंगणाऱ्या मोठ्या हिमनगाजवळ फोटोसाठी जाऊ नका. तो वितळत असतो, तोल बदलतो आणि काही सूचना न देता उलटतो. त्याचा बराच मोठा भाग पाण्याखाली असतो, आणि तोच तुमच्या कयाकखालून वर येऊ शकतो.

नवख्यांच्या लक्षात न येणारा धोका वेगळाच आहे. पुढे बघत जाताना मागचं पाणी बर्फाच्या तुकड्यांनी मिटत जातं. वारा फिरला किंवा ओहोटी लागली की तुकडे एकत्र दाटतात आणि परतीची वाट बंद होते. दर दहा मिनिटांनी मागे वळून बघा. मागचं पाणी पांढरं होतंय असं वाटलं की तेव्हाच फिरा.

एवढी काळजी घेऊन वल्हं आडवं ठेवून थांबलात की एक आवाज ऐकू येतो, कढईत मोहरी तडतडावी तसा, चहूबाजूंनी. बर्फात शेकडो वर्षं दाबून राहिलेल्या हवेचे बुडबुडे फुटत असतात. कान जवळ नेऊन ऐकायचं तर मुठीएवढा तुकडा पाण्यातून उचलून घ्या.

१२. बाकीचे शेजारी

हंपबॅक देवमाशांपासून पाव सागरी मैल, म्हणजे जवळपास ४६० मीटर अंतर ठेवा. त्यांच्याकडे आपणहून जायचं नाही. तोच जवळ वर आला तर थांबा, कयाकवर हाताने थाप मारत राहा म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळेल, आणि संधी मिळताच किनाऱ्याकडे सरका. रात्री तंबूत त्यांचा उच्छ्वास ऐकू येतो. पहिल्या रात्री सगळेच दचकून उठतात.

बर्फावरच्या सीलने मान वर केली म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आलात. पिलू असलेली मादी पाण्यात उतरली तर पिलाचं दूध तुटतं. मागे फिरा. समुद्री पाणमांजरं इथे १९९० च्या दशकात परतली आणि आता थव्यांनी दिसतात. पफिन आणि समुद्रसिंह बघायचे तर साउथ मार्बल बेट. ते बोटीवरूनच बघा, बोट बऱ्याचदा तिथे थांबते.

१३. परतीचा दिवस

बोट ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येते आणि थांबत नाही. आदली रात्र त्याच किनाऱ्यावर किंवा अगदी शेजारी काढा. बोट यायच्या तासभर आधी तंबू आवरून, सामान आणि कयाक पाण्याच्या कडेला तयार हवी. त्या वेळी ओहोटी असेल तर सामान खाली वाहायला जास्त वेळ धरा. बोट चुकली तर रेडिओवर कळवा आणि तिथेच थांबा. जास्तीचं दोन दिवसांचं खाणं यासाठीच असतं.

बार्टलेट कोव्हला पोचल्यावर माहिती केंद्रात परत आल्याची नोंद करा. नाहीतर तुमचा शोध सुरू होऊ शकतो. डबे धुवून, पुसून परत द्या. अस्वल दिसलं असेल तर कुठे, किती वाजता आणि ते काय करत होतं हे सांगा. त्यावरूनच पुढच्या गटांसाठी किनारे उघडे ठेवायचे की बंद, ते ठरतं. उरलेलं इंधन आणि फवारा विमानात नेता येणार नाही, भाड्याच्या दुकानात विचारा, बहुतेक वेळा ते ठेवून घेतात.

गस्टेव्हसहून निघणारी छोटी विमानं धुक्यात रद्द होतात. त्यामुळे जुनोहून पुढचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका, मध्ये एक रात्र ठेवा. त्या रात्री तंबू खोलीत पसरून वाळवा, ओला गुंडाळून भारतापर्यंत नेलात तर बुरशी लागते.